सुपाच्या वड्यांची चव

रोझिना केसलरला मी कधी हसताना पाहिलं नाही आणि रडतानाही नाही. फिलाडेल्फियात लाफार्ज नावाच्या फ्रेंच आचाऱ्याकडे आम्ही दोघी सहा वर्षं शेजारी शेजारी राबलो. मी हाडं फोडायची, ती चव घ्यायची. मी आयरिश, माझ्या तोंडाला कुलूप नाही; ती जर्मन, दिवसाला दहा शब्द बोलली तरी खूप. १७९९ सालच्या पिवळ्या तापात एकाच आठवड्यात तिचा नवरा गेला आणि नऊ वर्षांची मुलगी लिझबेटही. तिसऱ्या दिवशी बाई कामावर हजर. खरं सांगते, मला तिचा राग यायचा. हिच्या छातीत दगड आहे, असं वाटायचं.

१८०३ च्या मे महिन्यात सरकारचं मोठं काम आलं. काही शिपाई नदीच्या वाटेने पश्चिमेला, जिथला नकाशाच नाही अशा मुलखात निघणार होते. बंदुका, तंबू, औषधं, शहरभर त्यांची खरेदी चाललेली. आमच्या वाट्याला आल्या सुपाच्या वड्या. बैलाचं मांस आणि वासराच्या तंगड्या शिजवायच्या, गाळायच्या, खळीसारखं घट्ट होईपर्यंत आटवायचं आणि थाळ्यांत ओतून वाळवायचं. शिकार मिळाली नाही तर माणसं ह्याच वड्या गरम पाण्यात विरघळवून जगणार. मिठाचा कणही चालत नाही त्यात. मीठ ओल धरतं आणि वड्या नासतात. म्हणून प्रत्येक हंड्याची चव रोझिनाने घ्यायची, असा नियम.

डबे भरायच्या दिवशी सरकारी खरेदीदार टॉमलिन्सन आला. दोन थाळ्यांवर त्याने अंगठा दाबून पाहिला, वड्या कडक. तिसरीत अंगठा रुतला. मी एक तुकडा तोंडात टाकला, तर खारट! लाफार्ज एकदम खिडकीबाहेर बघायला लागला, तेव्हाच मी ओळखलं.

"मालक, मीठ तुम्ही घातलंत!"

"चिमूटभर गं, ओनोरा. इतकं बेचव सूप माझ्या नावाने बाहेर जायचं? माझी आई थडग्यातून उठून आली असती."

"येऊ दे की! आणि चिमूट कसली, चांगली मूठभर आहे."

टॉमलिन्सन हसला नाही. "कोणी का घातलं असेना. इथे चव कोण घेतं?"

रोझिना पुढे झाली. सगळं मालकावर ढकलून तिला सुटता आलं असतं. वरची खोली तिला ह्या कामापायीच मिळाली होती. काम गेलं की खोलीही गेली. गप्प बस म्हणून मी डोळे वटारले.

"मी घेते," ती म्हणाली. "पण मला चव कळत नाही. चार वर्षं झाली. सूप चमच्यावरून कसं पडतं ते बघून मी सांगते. ही थाळी फेकून द्या. बाकीच्या ओनोराला चाखू द्या, तुमच्यासमोर. ती माणसं तिकडून तक्रार करायला येऊ शकणार नाहीत."

मी चौदा थाळ्या चाखल्या. सगळ्या अळणी, म्हणजे बरोबर होत्या. डबे बंद झाले. मालकाने चव घ्यायचा चमचा माझ्या हातात दिला आणि खोलीसुद्धा. मला नको म्हणून मी भांडले, पण वर गेले तर रोझिना सामान बांधायला लागलीही होती.

"इतकी वर्षं बोलली का नाहीस गं? निदान मला तरी सांगायचंस."

"सांगितलं असतं तर 'कधीपासून?' म्हणून विचारलं असतंस."

"मग आता विचारते."

ती मोजे गुंडाळत होती. हात थांबला नाही. "लिझबेटने सूप मागितलं. मी चाखलं, अळणी लागलं. मीठ आणायला खाली गेले. वर आले तोवर ती गेली होती." हाडं संपली हे सांगावं तशा आवाजात तिने हे सांगितलं.

रडले ती मीच. तिने माझ्याकडे स्टूल सरकवलं आणि दुसरा मोजा उचलला.