पांढऱ्या आठवड्यापुरती रजा

लिंडनर आजींनी पहिल्या भेटीत माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही, ओढणीकडे पाहिलं. मी टॉवेल घ्यायला त्यांच्या दुकानात शिरले, तर दाराजवळच्या खुर्चीतून एक सुरकुतलेला हात पुढे आला. ओढणीचं टोक चिमटीत धरून त्यांनी दोनदा चोळलं.

"सुती. हातमागावरची. कितीला घेतलीत?"

मी आठवून सांगणार, तेवढ्यात म्हणाल्या, "राहू द्या. फसवलंच असणार तुम्हाला."

तेव्हा त्या पंचाण्णव वर्षांच्या होत्या. माझ्या नवऱ्याची नोकरी जर्मनीत हेर्त्सोगेनआउराखला, पण तिथली घरभाडी परवडेनात, म्हणून आम्ही जवळच्याच एका लहान गावात राहायला आलो होतो. गावाच्या चौकात लिंडनरांचं दुकान. चादरी, टॉवेल, टेबलक्लॉथ, उशांचे अभ्रे. आजींच्या वडिलांनी काढलेलं. आता ते त्यांच्या भावाची नात मोनिका चालवायची आणि आजी दाराशी बसायच्या. बसायच्या म्हणजे काय, गिऱ्हाईक आत आलं की खुर्चीच्या दांडीला धरून उभ्या राहायच्या. आत्याला जर्मनमध्ये तांते म्हणतात. मोनिका ओरडायची, "तांते, बसा हो!" त्यावर उत्तर ठरलेलं. "गिऱ्हाईक उभं आणि आपण बसलेलं, तर मग दुकान कशाला, दवाखाना उघड."

टॉवेलांच्या निमित्ताने गेले ती जातच राहिले. माझी मुलगी ईरा सकाळी शाळेत, नवरा ऑफिसात, आणि मी बी.एस्सी. झालेली बाई घरात जर्मन क्रियापदं पाठ करत बसलेली. दुकानात निदान ती बोलायला तरी मिळायची. काही महिन्यांनी आजींनी मला रीतसर 'तू' म्हणायची परवानगी दिली. जर्मनीत ही मोठी गोष्ट असते. "आजपासून मी बाबेट आणि तू वैशाली," असं म्हणून हात पुढे केला. मी हात मिळवला, पण मला ते जमेना. म्हटलं, "आमच्याकडे एवढ्या मोठ्या माणसाला नावाने हाक मारली तर माझी आई पायातली चप्पल काढेल." त्या खुदखुदून हसल्या. शेवटी त्या मला तू म्हणायला लागल्या आणि मी त्यांना तुम्हीच म्हणत राहिले. घरी आम्ही त्यांना आजी म्हणायचो.

माझ्या डिग्रीचं कौतुक त्यांच्याइतकं कोणी केलं नाही. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिली. वडील टेम्पो चालवायचे, आई दुसऱ्यांच्या रानात खुरपायला जायची. ते सर्टिफिकेट मी जर्मनीला येताना हातातल्या बॅगेत आणलं होतं, सामानात टाकलं नव्हतं. हे मी जरा तोऱ्यातच सांगितलं, तर म्हणाल्या, "दाखव." दुसऱ्या दिवशी घेऊन गेले. त्या आधी मागे जाऊन हात धुऊन आल्या, पुसले, आणि मग कागद हातात घेतला. एक अक्षर कळत नव्हतं, तरी वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं. नंतर विचारलं, "तुझ्या आईने जाऊ दिलं?"

"जाऊ दिलं म्हणजे? हाकलून पाठवलं. ताप असला तरी."

"अस्सं," म्हणाल्या, आणि कागद मला परत दिला. त्या दिवशी त्यांनी मला त्यांच्या शाळेचं सांगितलं.

दगडी पाटी, दप्तराबाहेर लोंबणारा ओला स्पंज, थंडीत वर्गातल्या शेगडीसाठी प्रत्येक पोराने घरून आणायचं एक-एक लाकूड. मुली डावीकडे, मुलगे उजवीकडे. शिकवायला फ्रॉयलाइन श्टार्क, म्हणजे कुमारी श्टार्क. "बाई कधी ओरडली नाही. नुसती चष्म्यावरून बघायची. आम्ही मेलोच." शेवटच्या वर्षी बाईंनी बाबेटला वर्गानंतर थांबवून घ्यायला सुरुवात केली. ईस्टरला शाळा संपली की शिक्षिका होण्याच्या शाळेची प्रवेशपरीक्षा. ती बाबेटने द्यायचीच, असं बाईंनी ठरवून टाकलं होतं. घरी येऊन बाबेट दुकानातल्या पाठमोऱ्या गिऱ्हाइकांनाच वर्ग समजून हळूच पाढे शिकवायची.

आणि जानेवारीत दुकानाचा सेल. त्याला पांढरा आठवडा म्हणत. तो सांगताना आजींचे डोळे लुकलुकायचे. सगळी खिडकी पांढरी. चादरींचे मनोरे, कागदाचा बर्फ, दोऱ्याला टांगलेले हातरुमाल. आजूबाजूच्या खेड्यांतून बायका गाड्या करून यायच्या, लग्नाच्या मुलींसाठी वर्षाचं कापड एकदम घ्यायच्या, दाराबाहेर रांग लागायची. "सेल म्हणजे काय हलका माल नव्हे. नव्याला जागा करून द्यायची, एवढंच," असं त्या मोनिकाला अजून सुनवायच्या.

त्या वर्षी वडील वरच्या खोलीत खोकत पडलेले. पहिल्या महायुद्धातून ते फुप्फुसं बिघडवून आले होते. सेलच्या आदल्या रविवारी आई म्हणाली, "बाबेट, या आठवड्यापुरती शाळेला जाऊ नकोस. सेलपुरतंच." तेरा वर्षांची बाबेट काउंटरमागे उभी राहिली. सेल संपला. मग आई म्हणाली, उरलेला माल आवरेपर्यंत. मग वडील बरे होईपर्यंत. ते बरे झाले नाहीत. ईस्टरला वर्गातल्या बाकीच्या मुली दाखले घेऊन दुकानावरून घरी गेल्या. बाबेट खिडकी पुसत होती.

"तुम्ही आईला विचारलं नाहीत?" मी सरळच बोलणारी.

"दुकानात प्रश्न गिऱ्हाईक विचारतं." मग म्हणाल्या, "आईचं मला काही नाही. तिला माणूस पाहिजे होतं. पण बाई चौकापलीकडेच राहायची. एवढं थांबवून शिकवलं, आणि एक दिवस विचारायलासुद्धा आली नाही. मी आले काय, न आले काय. एवढीच मी हुशार असेन."

हे त्यांनी मला तीन-चार वेळा सांगितलं असेल. दर वेळी याच ठिकाणी थांबायच्या. कोणी विचारायला आलं नाही. ब्याऐंशी वर्षं झाली होती त्याला.

पुढच्या वर्षी ईराच्या शाळेत, म्हणजे आजी शिकल्या त्याच गावच्या शाळेत, जुन्या शाळेचं प्रदर्शन करायचं ठरलं. पालकांना मदतीला बोलावलं. मला तळघरातली खोकी उघडायचं काम आलं. एका खोक्यात शिक्षकांच्या रोजच्या नोंदीच्या वह्या होत्या. एकीवर नाव, श्टार्क. मी ती तिथेच उघडली. आतला मजकूर जुन्या जर्मन वळणात लिहिलेला. आपल्याकडे मोडी असते ना, तसं. आमच्या पणजोबांच्या जमिनीचा मोडी कागद घरात कोणाला वाचता येत नाही, अगदी तसंच. पण माणसांची नावं बाई साध्या अक्षरांत लिहायच्या. पानं उलटता उलटता एका पानावर 'बाबेट लिंडनर' दिसलं. मग पुढच्या पानावर. मग पुढच्या. मी मोजलं, सात वेळा.

प्रदर्शनाचं बघणाऱ्या बाईंना वाचायला सांगितलं. त्या म्हणाल्या, "मलाही अडखळतच येतं, वेळ लागेल. एखादं खूप म्हातारं माणूस ओळखीचं असेल तर बघा." मी हसले. म्हटलं, आहे की.

सातही पानांच्या झेरॉक्स काढल्या. मला वाटलं, कौतुक असणार. बाई आपल्या हुशार मुलीबद्दल वहीत सात वेळा लिहितात म्हणजे आणखी काय असणार? एवढ्या वर्षांत जे कोणी केलं नाही ते मी, खेड्यातून आलेल्या बाईने, करून दाखवलं, असंही मनात आलं. खोटं कशाला सांगू?

दुपारी मोनिका जेवायला गेली होती. मी झेरॉक्स आजींच्या मांडीवर ठेवल्या. "ओळखा कोणाचं अक्षर."

त्यांनी भिंग घेतलं आणि चेहरा उजळला. "बाईचं!" मग वाचायला लागल्या. पहिलं पान मोठ्याने वाचलं, मला कळावं म्हणून सोप्या जर्मनमध्ये.

"लिंडनरच्या दुकानात गेले. आई म्हणते, सेल संपला की पाठवते."

दुसरं पान. "पुन्हा गेले. वडील आजारी. आई म्हणते, पुढच्या सोमवारी."

तिसरं, चौथं, पाचवं त्यांनी मनातच वाचलं. मी त्यांच्या हातातलं भिंग हलताना बघत होते. काय झालं ते मला तेव्हा कळायला लागलं होतं, पण कागद ओढून घ्यायचा कसा? सातवं पान त्यांनी पुन्हा मोठ्याने वाचलं. मला ऐकवायला नाही. त्यांना ते ऐकायचं होतं.

"सातव्यांदा गेले. परीक्षेचा अर्ज बरोबर नेला होता. आई म्हणते, मुलीचीच इच्छा नाही. मुलीला भेटू द्या म्हटलं. मुलगी घरात नाही म्हणाली. अर्ज परत आणला."

दुकानात कोणी नव्हतं. आजींनी भिंग खाली ठेवलं.

"मी घरात होते," त्या म्हणाल्या. "मागच्या खोलीत घड्या घालत होते. शाळा सुटायच्या वेळी मी नेहमी तिथेच असायचे."

मी काहीतरी बोलायला गेले. त्यांनी हात वर केला.

"म्हणजे बाईला वाटलं, मीच नको म्हणाले."

मी रडायला लागले. म्हटलं, मला माफ करा, मी आधी कोणाकडून तरी वाचून घ्यायला हवं होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. "आणि वाचलं असतंस, तर आणलं असतंस?" मी ओढणीने डोळे पुसले. मग त्यांनी झेरॉक्सची नीट चौघडी केली, कडा नखाने दाबली. "मोनिकाला यातलं काही सांगायचं नाही. तिच्या पणजीचं नाव आहे हे."

दर शनिवारी आजी मोनिकाबरोबर आईच्या थडग्यावर जायच्या. फुलं बदलायच्या, झारीने पाणी घालायच्या. गावात सगळेच करतात, आणि कोणी नाही केलं तर तेही सगळ्यांना दिसतं. त्या शनिवारी म्हणाल्या, पाय दुखतात. पुढच्या शनिवारीही. सोमवारी मी गेले तर मला म्हणाल्या, "बाई कुठे आहे ते शोधून दे."

दफनभूमीच्या ऑफिसात विचारलं. जर्मनीत थडग्याची जागा ठरावीक वर्षांसाठीच मिळते. मुदत वाढवणारं कोणी नसेल तर दगड काढतात आणि गवत पेरतात. फ्रॉयलाइन श्टार्कना कोणी नव्हतं. तिथल्या माणसाने जुना नकाशा काढून कुंपणाकडेची गवताची एक पट्टी दाखवली. "इथे कुठेतरी," म्हणाला.

आजींना हे सांगायला माझी जीभ उचलेना, पण सांगितलं. "चल," एवढंच म्हणाल्या.

त्यानंतर दर मंगळवारी मी त्यांना चाकाच्या खुर्चीत बसवून तिथे न्यायची. वाटेवर आईचं थडगं लागायचं. त्या समोर बघत राहायच्या. कुंपणाशी पोचलो की हिरवी झारी मांडीवर घेऊन गवतावर पाणी घालायच्या. एकदा जवळच्या थडग्यावर आलेली एक बाई हाक मारून म्हणाली, "फ्राऊ लिंडनर, अहो, तिथे कोणी नाही!"

"ठाऊक आहे मला," आजी म्हणाल्या आणि झारी रिकामी केली.

गावात कुजबूज झाली. मोनिकाने मला बाजूला घेऊन विचारलं, "तांते विसरायला लागल्यात का गं? आईला सोडून गवताला पाणी घालतात." मी म्हटलं, "वय झालंय." काय सांगणार होते?

नोव्हेंबरात त्यांनी अंथरूण धरलं. मी रोज दुपारी जाऊन बसायची. एकदा धीर करून विचारलं, "आईवर राग आहे अजून?"

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, झोपल्या.

"शाळेतून काढलं, त्याचं काही नाही," त्या म्हणाल्या. "मी तेव्हाच समजून घेतलं होतं. पण ती साठ वर्षांची झाली, सत्तर वर्षांची झाली. मी तिला भरवत होते, तिचे केस विंचरत होते. तेव्हा तरी सांगायचं ना. बाबेट, कोणी आलं होतं म्हणून. एवढंच सांगायचं."

फेब्रुवारीत आजी गेल्या.

मी झेरॉक्स दिल्या नसत्या तर त्या आईवर माया घेऊन गेल्या असत्या, हे मला कळतं. आणि बाई त्यांच्या लेखी कधीच न आलेल्या राहिल्या असत्या, हेही कळतं. यातलं कोणतं बरं, ते मी खूप वेळा मनात मांडून पाहिलं. शिकलेल्या माणसाला सगळ्याचं उत्तर काढता येतं असं मी समजत होते. याचं येत नाही.

दफनाला अर्धं गाव आलं होतं. कुटुंबाची जागा एकच, लिंडनरांची. आईच्या थडग्याची फुलं बाजूला काढून तिथेच खणलं होतं. आजींना कुठे जायचंय, हे कोणी विचारलं नव्हतं, आणि विचारण्यासारखं काही आहे हे माझ्याशिवाय कोणाला माहीत नव्हतं. पेटी खाली गेली. एकेक जण छोट्या फावड्याने माती टाकून बाजूला होत होता. माझी पाळी झाल्यावर मोनिकाने मला मिठी मारली. रडून तिचे डोळे सुजले होते.

"आता आईजवळ आहेत," ती म्हणाली. "त्यांना हेच आवडलं असतं, नाही?"

तिचे हात माझ्या हातात होते. मी तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "जा, गेनाऊ." हो, अगदी.