शर्टाला डाग नको

आमचे मेहुणे दातांचे डॉक्टर. त्यांनी हौसेनं छोटं विमान घेतलं आणि घरातही कॅप्टनची टोपी घालून मिरवू लागले. उडण्याआधी टाकीच्या तळातून थोडं पेट्रोल काढून त्यात पाणी नाही ना, हे बघायचं असतं. "पांढऱ्या शर्टाला डाग पडतात," म्हणून त्यांनी ते टाळलं. विमान जेमतेम झाडाएवढं वर गेलं आणि इंजिनानं खोकत खोकत मान टाकली. धावपट्टीपुढच्या कोबीच्या शेतात ते धाडकन आदळलं. मागच्या सीटवरून ताईनं विचारलं, "शर्ट ठीक आहे ना?"

मेहुणे मात्र गावभर सांगतात, "मी दोघांचा जीव वाचवला!" विमानाचा वाकडा झालेला पंखा त्यांनी कौतुकानं दवाखान्यात, खुर्चीसमोर टांगलाय. त्याची कहाणी ऐकली की निम्म्या पेशंटांची दाढ दुखायची थांबते.