परत पाठवलेला मुराळी

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माझ्या आईला माहेरचं बोलावणं यायचं. नुसतं पत्र नव्हे, न्यायला माणूस यायचा. मुराळी. तो आल्याशिवाय सासुरवाशिणीनं आपणहून माहेरी जाणं म्हणजे लाज सोडणं. जळगावच्या आमच्या घरापासून मोटार स्टँड हाकेच्या अंतरावर. जामनेरची मोटार रोज सुटायची, पण आई तिच्यात चढायची ती मुराळ्याच्या मागोमागच.

आजी जामनेरजवळच्या खेड्यात एकटी राहायची. मुलगा नव्हता, म्हणून पुतण्याला, माझ्या मामाला, पाठवायची. सांजोऱ्या तळून ठेवायची, अंगणातल्या निंबाला लेकीसाठी झोका बांधून घ्यायची. वर्षभर चुलीपुढे पदर सावरत वावरणारी माझी आई त्या झोक्यावर इतकी मोठ्यानं हसायची, की मलाच कसंतरी व्हायचं. ते पंधरा दिवस तेवढे तिचे. बाकीचं वर्ष आमचं.

स्वातंत्र्याला पाच-सहा वर्षं झाली असतील. मी अकरा वर्षांची, आणि भलतीच शहाणी. आखाजीची गौराई डोक्यावर घेऊन मिरवायचा मान गल्लीतल्या मुलींनी त्या वर्षी मला दिला होता. आजोळी गेले असते तर तो हुकला असता. मामा न्यायला आला तेव्हा आई पलीकडच्या आळीत कुरडया घालू लागायला गेली होती.

"माय कोठे शे?" त्यानं विचारलं.

मी पाण्याचा तांब्या पुढे केला आणि म्हणाले, "आईनं सांगितलंय, यंदा जमायचं नाही. घरात काम आहे."

मामाचं तोंड उतरलं. त्याला तसंच पुढे धुळ्याला, स्वतःच्या बहिणीला आणायला जायचं होतं. पाणी प्यायला आणि गेला.

गौराई मी घेतली. खूप मिरवले. आई मात्र दोन धुतलेली लुगडी पिशवीत भरून रोज ओट्यावर बसायची. आखाजी उलटली तेव्हा तिनं ती काढून परत दांडीवर टाकली.

"माय इसरनी माले," एवढंच म्हणाली.

तेव्हा तरी तोंड उघडायचं! मार बसेल म्हणून मी गप्प राहिले. तिकडे आजीनं मनात धरलं, की लेक आपल्यावर रुसली. पुढची आखाजी यायच्या आत आजी गेली.

सांगावा आला तशी आई मला घेऊन एकटीच मोटारीत चढली. त्या दिवशी मुराळी लागला नाही. अंगणात निंबाला झोक्याचा दोर अजून तसाच होता. लेक आज ना उद्या येईल म्हणून आजीनं तो कुणाला सोडू दिला नव्हता. आई त्या दोराला धरून रडू लागली, तसा मामा तेव्हाच्या निरोपावरून संतापला. "तवय काबर नही उनी? तुनी पोरनीच सांगं माले!"

आईनं माझ्याकडे पाहिलं.

"मीच सांगेल व्हतं तिले," ती म्हणाली. "घरमा काम व्हतं."

जमलेल्या बायकांनी तिला तोंडावर नावं ठेवली. तिनं खाली मान घालून सगळं ऐकून घेतलं. घरी आल्यावर रोजच्यासारखी माझी वेणी घातली. त्या दिवशीच काय, पुढे मरेपर्यंत तिनं हा विषय काढला नाही. एक थोबाडीत ठेवून दिली असती तर मी सुटले असते.