न पुसलेली डिस्क

ज्या बाईंचे मी मनोमन आभार मानतो, त्यांचं नाव मी विचारलंच नाही. जुळे सोलापुरातल्या त्यांच्या दुकानात कम्प्युटरला नवी डिस्क बसवताना मी घाईने म्हणालो, "जुनी पुसून टाका, त्यात काही नाही."

त्यांनी ती न पुसताच कागदात गुंडाळून दिली. "समदे असंच म्हणत्यात, दादा. मग रडत येत्यात की!"

घरी रिकामा डेस्कटॉप पाहिला आणि आठवलं. शेंगाचटणीची कृती माझ्या बायकोने शेवटच्या आजारपणात मुलीसाठी स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून ठेवली होती, ती त्या जुन्या डिस्कवरच होती. मी ती विसरलो होतो.

गुंडाळलेली डिस्क घेऊन, मान खाली घालून परत दुकानात गेलो. बाईंनी जुनी डिस्क जोडली. बायकोचा आवाज सुरू झाला, तसा त्यांनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला आणि चटणी कुटून होईपर्यंत एकाही गिऱ्हाइकाला बोलू दिलं नाही.