तेवीस वर्षांचं विरजण

बायको आठ दिवस पुण्याला मुलीकडे गेली, तेव्हा तिने माझ्यावर एकच काम सोपवलं. रोज रात्री दही लावायचं, आणि त्यातलं चमचाभर दुसऱ्या दिवशीच्या विरजणासाठी राखायचं. हे विरजण तिने लग्नानंतर पडघ्याजवळच्या माहेराहून आणलं होतं, स्टीलचा डबा मांडीवर धरून. त्याला तेवीस वर्षं झाली. तेव्हापासून आमच्या घरात बाहेरचं दही आलेलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मी ते मारलं. आदल्या रात्री दही लावायला विसरलो होतो. सकाळी शाळेत हजेरीची घाई, मी तिथे कारकून आहे. दूध निवेपर्यंत थांबलो नाही. उरलेलं सगळं विरजण उकळत्या दुधात टाकलं आणि निघालो. संध्याकाळी पातेल्यात नुसतं दूध होतं, जरा आंबूस वासाचं.

तिचा फोन आला. "लागलं का?"

"घट्ट लागलंय," मी म्हटलं.

मग धामणकर नाक्यावरून पिशवीतलं दही आणून तिच्याच भांड्यात ओतलं. तीन दिवस ती विचारत राहिली, मी घट्ट म्हणत राहिलो. माझ्या आयुष्यात याहून मोठी पापं आहेत, पण त्यांनी एवढी झोप उडवली नव्हती.

शनिवारी दुपारी एसटीने सासूबाईंकडे गेलो. मूळ विरजण त्यांचं, तिथे ते असणारच. ओटीवर बसून सगळं कबूल केलं. सासूबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या.

"जावईबुवा, माझ्याकडं कुठलं हो? माझं तर धा येळा मेलं. मागं तुमच्याकडूनच वाटीभर आणलं, ते बी उन्हाळ्यात गेलं. आता दूध समदं डेअरीला जातं, न् सून पिशवीतलं दही आणते."

"पिशवीतलं?"

"पोरीला सांगू नका. बोलंल मला."

माझ्या चेहऱ्याकडे पाहून त्या उठल्या. गोठ्यातून नुकतंच काढलेलं किटलीभर दूध आणलं आणि परसातून हिरव्या मिरच्या. "घरी गेल्यावर नुसतं कोमट करा, उकळायचं न्हाय. मिरच्या देठांसकट टाका, देठं बुडाली पाहिजेत. पहिलं कसंतरीच लागंल, ते खायचं न्हाय. त्यातल्या चमच्यानं दुसरं लावा, ते दही."

"याने खरंच लागतं?"

"तुमच्या लग्नात पोरीच्या डब्यात दिलं, ते कसं लावलं हुतं मंग? त्याच्या आदल्याच आठवड्यात माझं मेलं हुतं."

परतताना पाय जमिनीला लागत नव्हते. पडघ्यापासून ट्रकांची रांग होती. शेअर रिक्षात किटली दोन्ही हातांत धरून बसलो होतो आणि शेजारचा माणूस विचारत होता, "दूध है क्या, चाचा? इतना मुस्कुरा रहे हो."

रविवारी सकाळी पातेल्यात पातळ, तारा सुटणारं काहीतरी झालं होतं. त्यातला चमचाभर फ्रिजमध्ये राखलेल्या निरशा दुधात, ते कोमट करून, कालवला, भांडं टॉवेलात गुंडाळलं. सोमवारी पहाटे झाकण काढलं तर दही लागलं होतं. भांडं तिरकं केलं, तरी हललं नाही. स्वयंपाकघरात एकटाच उभा राहून मी ते तीनदा तिरकं करून पाहिलं.

ती नऊला आली. हातपाय धुऊन आधी दह्याचं झाकण काढलं, चमचा तोंडात घातला आणि थांबली.

"हे आपलं नाही."

मी सगळं सांगितलं. उकळतं दूध, पिशवी, फोनवरचे तीन दिवस, सगळं. पडघ्याहून दूध आणल्याचंही सांगितलं, सासूबाईंचं विरजण मेल्याचं तेवढं गाळलं. तिने लगेच पडघ्याला फोन लावला.

"आई, ह्यांनी तुझ्याकडून दूध आणलं म्हणे. मग विरजण का नाही दिलंस?"

पलीकडून बराच वेळ काहीतरी ऐकू येत होतं. बायकोचा चेहरा आधी ताठ होता, मग ओठ हलायला लागले, शेवटी ती खुर्चीवर बसून डोळे पुसत हसली.

"लग्नातलं सुद्धा? आणि मी तेवीस वर्षं जपतेय."

फोन ठेवल्यावर ती माझ्याकडे वळली. "विरजणाचं जाऊ द्या. पण तीन दिवस माझ्याशी खोटं बोललात."

"हो."

तिने दोन वाट्या भरल्या, एक माझ्यापुढे सरकवली. भांड्यात उरलेल्यातलं चमचाभर छोट्या डबीत काढलं आणि मला म्हणाली, "दूध तापवा. निवेपर्यंत इथेच उभे राहा. बोट घालून बघायचं, मगच मला हाक मारायची."

मी गॅसपाशी उभा राहिलो.