नाक्याबाहेरची गाडी

गाडी बंद पडली म्हणून माझं एक वर्ष वाया गेलं, हे मला आजही हसत सांगता येत नाही.

नव्वदीतली ती वर्षं. गावाकडे, म्हणजे खानदेशात, आम्ही सुरतेचे म्हणून मिरवायचो. प्रत्यक्षात राहायचो शहराबाहेर, कडोदऱ्याच्याही पुढे, कालव्याच्या रस्त्याने पाच-सहा किलोमीटर आत. नवरा कडोदऱ्याला लूमच्या कारखान्यात मास्तर होता. मास्तर म्हणजे शिकवणारा नव्हे, बिघडलेले माग दुरुस्त करणारा. त्याच्या शेठने जुनी गाडी विकायला काढली ती आम्ही घेतली. तो सकाळी सातलाच कामावर जायचा, त्यामुळे गाडी चालवायला शिकले मी. गावातल्या बायका तोंडावर पदर घेऊन बघायच्या. मी मुद्दाम हॉर्न वाजवायचे.

नववीत माझी शाळा सुटली होती. लग्नाला बारा वर्षं झाल्यावर मी बाहेरून दहावीला बसले. केंद्र शहरात होतं. बाकीचे सगळे पेपर झाले आणि गणिताच्या दिवशी गाडी उसाच्या दोन शेतांमध्ये जी थांबली, ती हललीच नाही. फोन करायचा तर तो हायवेच्या चौकात. मी अर्धं अंतर चालले, उरलेलं उसाच्या ट्रॅक्टरवर बसून गेले. शाळेशी पोचले तेव्हा मुलं पेपर देऊन बाहेर येत होती. गेटपाशी उभी राहून मी रडले, तेही मोठ्याने. मला त्याची लाज नाही. ऑक्टोबरच्या परीक्षेला सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या. म्हणजे आता पुढचा मार्च.

फेब्रुवारीत नवरा एक लाल कार्ड घेऊन आला. त्यावर क्रेनचं चित्र. शहरातल्या एका मोठ्या गॅरेजची वर्षभराची मेंबरशिप होती ती. गाडी बंद पडली की फोन करायचा, त्यांचा माणूस धावत येणार. "आता तू निश्चिंत," तो म्हणाला. कार्ड त्याने देवाच्या फोटोमागे खोचून ठेवलं.

निश्चिंत राहायचा माझा स्वभावच नाही. दुसऱ्या दिवशी मी कार्ड घेऊन थेट त्या गॅरेजमध्ये गेले. काउंटरवरच्या माणसाने गाव विचारलं. मी सांगितलं. त्याने चष्मा कपाळावर सरकवला.

"बेन, नाकानी अंदर तो तरत आवीए. बहार नहीं."

जकात नाक्याच्या आत लगेच येणार, बाहेर येणार नाही. आमचं गाव नाक्यापासून किती लांब हे त्याला सांगण्यातही अर्थ नव्हता. दुसऱ्या एका गॅरेजवाल्याने "कुठेही येऊ" म्हणून छातीठोकपणे सांगितलं. किती वेळात, असं विचारल्यावर म्हणाला, चार तास धरा. चार तासांत मी गणिताचा पेपर सोडवून घरी येऊन भाकऱ्या थापल्या असत्या. आणि मुळात फोन कुठून करणार? उसातून?

घरी येऊन मी कार्ड नवऱ्यापुढे आपटलं. "हे आपल्या गाडीसाठी नाही. शहरात राहणाऱ्यांच्या गाडीसाठी आहे."

"मग कुणाला बोलवशील?"

"कुणालाच नाही," मी म्हणाले. "न बोलावता येणारा माणूस शोधते."

तो मला वेड्यात काढून जेवायला बसला. पण ही गोष्ट मी त्याच्याच कारखान्यात पाहिली होती. डबा द्यायला गेले की त्या खडखडाटात स्वतःचा आवाजही ऐकू यायचा नाही. तिथे मास्तरला कुणी हाक मारत नाही. शंभर मागांतला एक थांबला की त्याच्या कानाला ते बरोबर कळतं, आणि पाना घेऊन तो त्या मागापाशी हजर होतो. इतकी वर्षं हे कसब त्याच्याकडे होतं, आणि गाडीसाठी त्याने आणलं ते क्रेनचं चित्र.

कडोदऱ्याच्या चौकात बीडकडच्या एका मिस्त्रीचं टपरीवजा दुकान होतं. शहरात जायचं तर त्याच्या दारावरूनच जावं लागे. मी त्याला सांगितलं, "दादा, मी जाणार असेन त्याच्या आदल्या दिवशी माझा नवरा येऊन तुम्हाला मी इथून जायची वेळ सांगेल. त्या वेळेनंतर पंधरा मिनिटांत माझी गाडी तुमच्या दारावरून गेली नाही, तर फोनची वाट बघायची नाही. सामान घेऊन कालव्याच्या रस्त्याने आत यायचं."

तो मान तिरकी करून ऐकत होता. "आन ताई, तुमी घरीच ऱ्हायल्या तर?"

"तर घरी येऊन चहा पिऊन जायचं."

हे त्याला पटलं. पैशाचं नंतर बघू म्हणाला, आधी बिबडे द्या. त्याच्या खानदेशी शेजाऱ्याकडे त्याने ज्वारीचे पापडासारखे बिबडे खाल्ले होते आणि तेव्हापासून जीव अडकला होता. ठरलं. वर्षाला एक डबा बिबडे, आणि जे काम होईल त्याची मजुरी वेगळी.

करार मी वहीच्या पानावर लिहिला. अर्जलेखनाचा सराव झालेला होताच, त्यामुळे विषय, मायना, कलमं, सगळं रीतसर. खाली सही केली. मिस्त्रीनेही सही केली आणि तो कागद खिळ्याला टोचून भिंतीवर लावला. नवऱ्याने तो पाहिला आणि आठवडाभर माझी चेष्टा केली. "वकिलीणबाई" म्हणायचा.

गणिताचा दिवस आला. साडेआठची वेळ सांगितली होती. सव्वाआठला मी निघाले. शेजारी आता बऱ्या झालेल्या सासूबाई, त्यांच्या मांडीवर जेवणाचा डबा. माझा पेपर होईपर्यंत आपण शाळेच्या गेटशी बसून राहणार, हे त्यांनीच ठरवलं होतं.

दोन किलोमीटर गेलो असू. पुढून फट्कन आवाज आला, मग बॉनेटमधून वाफ. मी गाडी बाजूला घेतली. तेच उसाचं रान, तोच रस्ता.

"गाडी बठी गयी का व?" सासूबाईंनी विचारलं.

मी बॉनेट उघडलं. पंख्याचा पट्टा तुटला होता. आणि तो गाडीचा पट्टा नव्हताच. मागावरचा चामडी पट्टा कापून, टाचून, नवऱ्याने आदल्या संध्याकाळी तिथे चढवला होता. जुना पट्टा झिजलेला दिसला, दुसरा आणायला वेळ नव्हता, आणि ज्याने माग चालतो त्याने गाडी का चालणार नाही, असा त्याचा हिशेब. मला अक्षरसुद्धा सांगितलं नव्हतं.

सासूबाई वाकून बघत होत्या. "हाई मना आंडोरनंच काम शे," त्या म्हणाल्या. लेकाची करणी आईने बरोबर ओळखली. त्यांनी माझा हात धरून मला बांधावर बसवलं.

"येई तो. धीर धर."

साडेआठ झाले. पावणेनऊ झाले. मी प्रमेयं म्हणायचा प्रयत्न केला, पण रस्त्याच्या वळणावरून नजर हटेना. गेल्या वर्षीचं गेट डोळ्यांपुढे यायला लागलं. आणि वळणावर मोपेडचा आवाज आला.

मिस्त्री गळ्यात दोन-तीन पट्टे अडकवून येत होता, पोळ्याच्या बैलासारखा सजून. मागे पाण्याचा कॅन बांधलेला. मी उठून उभी राहिले आणि खरंच टाळ्या वाजवल्या.

"ताई, ह्यो कातड्याचा पट्टा कुनी लावला?"

"मास्तरांनी."

"मास्तरला सांगा, म्या त्येंच्या मागाला हात लावत न्हाई, त्येंनी गाडीला लावू नये."

इंजिन निवेपर्यंत त्याने मला रेडिएटरच्या जवळ फिरकू दिलं नाही. मग पट्टा चढवला, पाणी भरलं, सेल मारला. पहिल्याच झटक्यात गाडी सुरू झाली. मी नाक्यातून गेले, शहरात शिरले आणि अकराच्या पेपरसाठी साडेदहाला माझ्या बाकावर बसले होते. पेपर अवघड होता. पण रस्त्याइतका नाही.

संध्याकाळी नवऱ्याने तुटलेला पट्टा हातात घेऊन उलटापालटा करून पाहिला. चूक झाली, असं तो स्पष्ट शब्दांत म्हणाला. ते त्याच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. लाल कार्ड त्याने पुन्हा फोटोमागे खोचलं होतं, तेही स्वतःच काढून टाकलं.

निकालाच्या दिवशी मी शहरातून परत येत होते. मिस्त्रीला द्यायला विसरू नको असं दोनदा बजावून सासूबाईंनी सकाळीच बिबड्यांचा डबा गाडीत ठेवला होता. चौकात आले, मिस्त्रीच्या दारापुढे ब्रेक दाबला आणि इंजिन बंद केलं. आवाज थांबल्याबरोबर तो पाना घेऊन धावत बाहेर आला.

"काय झालं ताई? कुटं बंद पडली?"

"बंद नाही पडली, दादा," मी डबा पुढे केला. "मी थांबवली. पास झाले."