पेरूचा पाला आणि तांबडा दिवा

ऐंशी सालाच्या सुमारास मी आमच्या बेटावरच्या त्रियोले गावातल्या एका शाळेत मराठी शिकवत होते, तेव्हा माझ्या गालाला आतून जखम झाली. बोललं की झोंबायची, आणि माझं तर कामच बोलण्याचं. आईने पेरूचा पाला उकळून दिला. त्या तुरट पाण्याच्या गुळण्या करून करून माझी जीभ जड झाली, जखम मात्र तशीच. मग दादा कुठूनसा तांबडा दिवा घेऊन आला. "या उजेडाने जखम लवकर भरते," म्हणाला. मी त्या गरम दिव्यासमोर आ वासून बसायचे. लाळ गळायची, जबडा दुखायचा.

"आयो, दिव्याने तोंड सुकतं, म्हणून माझा पाला लागू पडत नाही," आई म्हणायची.

"तुझ्या पाल्यानेच जखम चिघळते," दादा म्हणायचा.

भांडण माझ्या तोंडावरून, आणि मलाच त्यात बोलता येईना! शेवटी एके दिवशी मी काढा मोरीत ओतला आणि बस धरून पांपलमूस गावी दातांच्या डॉक्टरकडे गेले. त्याने आत बोट फिरवलं आणि इथल्या क्रिओल बोलीत म्हणाला, "दाढेचा टवका उडालाय. त्याची धार रोज गाल कापतेय." ती धार त्याने घासून गुळगुळीत केली. आठवड्याभरात जखम भरली.

घरी मी गाल दाखवला, तर आई म्हणाली, "पाला उशिरा लागू पडतो." दादा म्हणाला, "उजेडाचा गुण हळूहळूच येतो."

मला इतका संताप आला की जेवताना मी अख्खी हिरवी मिरची चावून खाल्ली; गालाला जरासुद्धा झोंबली नाही.